स्पर्धेआधीची ‘पाण्याची गोळी’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याला शरीर कमावण्याचा नाद जुना आहे. प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं हे गाव. मुलगा व्यायामाला जातो म्हटल्यावर इथल्या मराठी घरात आजही कोणी हरकत घेत नाही. हरकत घ्यावी अशी गोष्ट घडते ती शरीरसौष्ठव स्पर्धेच्या शेवटच्या आठवड्यात, आणि घरच्यांना तिचा पत्ताच नसतो. स्टेजवर ‘ड्राय’, म्हणजे कातडी पातळ आणि स्नायू कोरीव दिसावेत म्हणून लघवी वाढवणारी गोळी (डायुरेटिक) घेतली जाते. दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंतची जिममधली मुलं, त्यांचे कोच आणि त्यांच्या आया मला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मी फिजिशियन आहे, कोच नाही. कोणती गोळी किती घ्यायची हे या पानावर कुठेही लिहिलेलं नाही, तेव्हा ते शोधत बसू नका.

ही गोळी शरीरात नेमकं करते काय?

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं ९९ टक्के परत रक्तात घेतात. म्हणून लघवी दीड-दोन लिटरच होते. हे परत घेणं सोडियमच्या, म्हणजे मिठाच्या, जोरावर चालतं. सोडियम आत ओढलं की पाणी त्याच्या मागोमाग येतं. गोळी नेमकं हे ओढणंच अडवते. सोडियम लघवीत राहतं, पाणीही राहतं, आणि तुमच्या बाथरूमच्या फेऱ्या सुरू होतात.

ज्याचं हृदय थकलंय, पाय सुजलेत, फुप्फुसात पाणी साठलंय, त्याचा जीव हीच गोळी वाचवते. माझ्या रोजच्या चिठ्ठ्यांमध्ये ती असतेच. पण त्या पेशंटच्या अंगात काही लिटर पाणी जास्तीचं असतं. स्पर्धेला उभ्या राहणाऱ्या मुलाच्या अंगात जास्तीचं असं काही नसतं, त्यामुळे जे जातं ते गरजेचंच जातं.

पण ती फक्त कातडीखालचं पाणी काढते ना? स्नायूतलं तर तसंच राहतं.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि सगळा घोळ याच समजुतीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

७० किलोच्या माणसात साधारण ४२ लिटर पाणी असतं. त्यातलं २८ लिटर पेशींच्या आत, १४ लिटर बाहेर. बाहेरच्या १४ पैकी जेमतेम ३ लिटर रक्तातला पातळ भाग आहे. बाकीचं पेशींच्या मधल्या जागेत असतं, कातडीखालीही आणि स्नायूंच्या तंतूंमध्येही. गोळी किडनीवर काम करते आणि किडनीला दिसतं ते फक्त रक्त. म्हणजे पहिला फटका त्या ३ लिटरला बसतो. ते कमी झालं की मधल्या जागेतलं पाणी रक्तात खेचलं जातं, अंगभर, सगळीकडून. कातडीखालचं घे आणि दंडातलं सोड, असं तिला सांगायची सोय नाही.

आता तुमच्या भाषेत. स्नायूच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी आहे. स्टेजच्या आधी तुम्ही भात, बटाटे, मध खाऊन स्नायू भरता, तेव्हा आत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनला (स्नायूतल्या साखरेच्या साठ्याला) साधारण ३ ग्रॅम पाणी लागतं. ४०० ग्रॅम भरायचं म्हटलं तर सव्वा लिटरच्या आसपास पाणी हवं. त्याच दिवशी तुम्ही पाणी बंद करता आणि वर गोळी घेता. मग ते पाणी आणायचं कुठून? रक्त आटलेलं, त्यामुळे पंप येत नाही (स्नायू रक्ताने फुगत नाहीत), शिरा वर येत नाहीत, छाती फ्लॅट दिसते. आदल्या संध्याकाळी आरशात छान दिसणारा मुलगा दुसऱ्या दिवशी स्टेजवर विझलेला दिसतो, आणि कोच म्हणतो, “पाणी अजून थोडं राहिलं होतं.” नाही हो, पाणीच उरलं नव्हतं.

ज्याला तुम्ही ‘पाणी धरलंय’ म्हणता ते बहुतेक वेळा पाणी नसतंच. ती चरबी असते. चरबी कोणत्याही गोळीने लघवीवाटे जात नाही.

लॅसिक्स, अल्डॅक्टोन, डायटर… सगळ्या सारख्याच का?

नाही. म्हणूनच मित्राला जे पचलं ते तुम्हाला पचेल असं धरून चालता येत नाही.

फ्युरोसेमाइड (लॅसिक्स) आणि टोर्सेमाइड (डायटर) या सगळ्यात जोरदार. किडनीच्या ज्या भागात गाळलेल्या सोडियमपैकी जवळपास पाव हिस्सा परत घेतला जातो, तिथे त्या काम करतात. फ्युरोसेमाइडची गोळी तासाभरात सुरू होते, एक ते दोन तासांत शिगेला पोचते आणि सहा-आठ तास चालते. सोडियमबरोबर पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही वाहून जातं. हृदयाचे ठोके नीट पडण्यासाठी याच दोन क्षारांची गरज असते.

हायड्रोक्लोरोथायाझाइडसारख्या थायाझाइड गोळ्या रक्तदाबासाठी दिल्या जातात. लॅसिक्सपेक्षा लघवी कमी होते म्हणून मुलं त्यांना सौम्य समजतात. यांचा डाव वेगळा आहे. त्या रक्तातलं सोडियम खाली आणतात. तुम्ही आठवडाभर मीठ सोडलंय, ‘वॉटर लोडिंग’ म्हणून दिवसाला आठ-दहा लिटर पाणी पिताय आणि वर ही गोळी, तर सोडियम झपाट्याने उतरतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस बरळायला लागतो, आणि फार उतरलं तर झटके येतात. हे झटके उपाशी राहिल्यामुळे आले असं समजून तोंडात साखर कोंबणारे महाभाग असतात.

स्पायरोनोलॅक्टोन (अल्डॅक्टोन) उलट दिशेने मारते. ती पोटॅशियम धरून ठेवते. तिचा परिणाम हळूहळू, दोन-तीन दिवसांत चढतो आणि गोळी थांबवल्यावरही लगेच उतरत नाही. ‘काल घेतली, काहीच झालं नाही’ म्हणून आज दुसरी घेणारे इथेच फसतात. शिवाय ही गोळी पुरुषी हार्मोनचं कामही अडवते. पुन्हा पुन्हा घेतली तर पुरुषांच्या छातीत गाठ वाढते. ज्या हार्मोनसाठी तुम्ही एवढा आटापिटा करता, त्याच्याच विरोधात जाणारी गोळी तुम्ही स्पर्धेसाठी घेता.

बाजारात लॅसिक्स आणि अल्डॅक्टोन या दोन्हींची एकत्र गोळीही मिळते. त्यात पोटॅशियम वर जाईल की खाली, हे रक्त तपासल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही. तुमच्या कोचला येत असेल तर त्याने दवाखाना काढावा.

मी केळी खातो, नारळपाणी पितो. पोटॅशियम भरून निघतं ना?

कोणती गोळी घेतली यावर आहे, आणि हीच चूक जिवावर बेतते.

रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ (मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर) या पट्ट्यात राहायला हवं. ३ च्या खाली गेलं की गोळे येतात, पाय लटपटतात, ठोके चुकायला लागतात. ६.५ च्या वर गेलं तर हृदय काही इशारा न देता थांबू शकतं. पट्टा एवढा अरुंद आहे. एका नारळाच्या पाण्यात साधारण ५०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, केळ्यात ४०० च्या आसपास. निरोगी किडनी हे सहज बाहेर टाकते. पण पाणी तोडल्यामुळे किडनी आधीच मंदावलेली, त्यात स्पायरोनोलॅक्टोन, त्यात ‘सोडियम नको’ म्हणून आणलेलं कमी सोडियमचं मीठ (त्यात मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं), आणि दिवसाला चार नारळ. एकेक गोष्ट पौष्टिक, पण एकत्र आल्यावर यातलं काहीच औषध राहत नाही.

त्यात भर म्हणजे स्टेरॉइडने चढलेला रक्तदाब उतरवायला बरीच मुलं टेल्मिसार्टन घेतात. तीही पोटॅशियम वर नेते. हे डॉक्टरला सांगायची लाज वाटते म्हणून कोणी सांगत नाही. आम्ही पोलीस नाही, एवढंच म्हणेन.

गोळे दोन्ही बाजूंनी येतात. पोटॅशियम कमी झालं तरी, सोडियम कमी झालं तरी, नुसतं पाणी आटलं तरी. गोळा आला म्हणून पोटॅशियमचं सिरप प्यायचं, हा अंदाज फसला तर दुरुस्त करायला वेळ मिळत नाही.

कोच म्हणतो, सगळेच घेतात, एका गोळीने काय होतंय?

एकट्या गोळीने निरोगी, पाणी पिणाऱ्या, नीट जेवणाऱ्या माणसाला कदाचित काहीच होणार नाही. पण स्पर्धेच्या आठवड्यात ती गोळी एकटी कधीच नसते. पाणी बंद, मीठ बंद, बारा-सोळा आठवड्यांचं डाएट, चरबी जाळायला क्लेनब्युटेरॉल, सकाळी दोन मोठे कप काळी कॉफी, शेवटी एकदम साखर-भात. क्लेनब्युटेरॉल पोटॅशियमला रक्तातून पेशीत ढकलतं. साखरेमुळे सुटलेलं इन्सुलिनही तेच करतं. लॅसिक्स उरलेलं लघवीत टाकते. तिघांचा मारा एकाच दुपारी, आणि त्या वेळी तुमचं हृदय स्टेजच्या मागे पुशअप मारतंय. वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेल्या मुलाच्या हृदयाची भिंत जाड झालेली असते आणि रक्त घट्ट. पाणी काढलं की ते आणखी घट्ट होतं, गुठळी व्हायचा धोका वाढतो.

‘सगळे घेतात’ हे खरं असेलही. ज्यांना त्रास झाला ते पुढच्या वर्षी जिममध्ये दिसत नाहीत, म्हणून मोजले जात नाहीत.

खरंच कोणी मेलंय का, की नुसती भीती घालता?

मोहम्मद बेनाझिझा, मूळचा अल्जेरियाचा, फ्रान्सकडून खेळणारा, त्या काळातल्या अव्वल व्यावसायिकांपैकी एक. ऑक्टोबर १९९२ मध्ये हॉलंडमधल्या ग्रां प्री स्पर्धेनंतर काही तासांत गेला, वय ३३. पाणी आटणं आणि लघवीच्या गोळ्या यांच्याशी त्याच्या मृत्यूचा संबंध जोडला जातो. ऑस्ट्रियाचा आंद्रेआस म्युन्झर कातडी कागदासारखी पातळ दिसण्यासाठी प्रसिद्ध होता. मार्च १९९६ मध्ये अमेरिकेतल्या स्पर्धा करून परतला आणि १४ मार्चला म्युनिकमध्ये एकामागून एक अवयव निकामी होऊन वारला, वय ३१. त्याच्या बाबतीत स्टेरॉइडसह बऱ्याच औषधांची यादी समोर आली, त्यात या गोळ्याही होत्या.

पॉल डिलेट वाचला. १९९४ च्या अर्नोल्ड क्लासिकमध्ये पोझ देताना त्याचं अंग स्नायूंत गोळे येऊन आखडलं आणि त्याला तशाच अवस्थेत उचलून स्टेजवरून न्यावं लागलं. त्यानंतर व्यावसायिक संघटनेलाही जाग आली. १९९६ च्या मिस्टर ऑलिंपियात लघवीच्या गोळ्यांसाठी चाचणी झाली आणि तिसरा आलेला नासर अल सोनबाती बाद झाला. यातली कोणतीही गोष्ट नवशिक्याची नाही. जगातले उत्तम कोच आणि भरपूर पैसा हाताशी असलेली ही माणसं होती.

इंजेक्शन घेतलं तर लवकर काम होतं म्हणतात.

होतं. पाच मिनिटांत. आणि चूक दुरुस्त करायलाही तेवढाच वेळ मिळतो. शिरेतून जोरात दिलं तर कानात शिट्टी वाजायला लागते, कधी कधी ऐकूही कमी येतं. हॉटेलच्या खोलीत कोणी तुम्हाला शिरेतून औषध देत असेल, मग ते काहीही असो, तर तिथून उठून बाहेर पडा.

आयुर्वेदिक चालेल का? गोखरू, पुनर्नवा, जवाचं पाणी?

लघवी वाढवणारं ते लघवी वाढवणारंच, मग ते झाडाचं असो की कारखान्याचं. जवाच्या पाण्याने कोणी मरत नाही आणि कोणी ड्रायही होत नाही. माझी खरी काळजी ‘वॉटर शेड’ नावाने ऑनलाइन मिळणाऱ्या कॅप्सूलची आहे. पूरक आहाराच्या डब्यात लेबलवर न लिहिलेली औषधं सापडल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत.

स्पर्धेआधी दुखतंय म्हणून पेनकिलर घेतो, त्याने काय बिघडतं?

किडनीला रक्त कमी मिळायला लागलं की ती स्वतःच्या रक्तवाहिन्या रुंद करून वेळ निभावून नेते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या हे रुंद करणंच बंद पाडतात. लघवीची गोळी, टेल्मिसार्टन आणि पेनकिलर, ही तिकडी किडनी बंद पाडण्यासाठी डॉक्टरांमध्ये कुप्रसिद्ध आहे. म्हाताऱ्या पेशंटला आम्ही तिन्ही एकत्र देताना दहा वेळा विचार करतो. तुमचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) स्नायूंमुळे आधीच थोडं वर असतं, त्यामुळे ‘माझं नेहमीच जास्त येतं’ असं म्हणून खरी बिघाडाची खूणही उडवून लावली जाते.

डोपिंग चाचणीत पकडलं जातं का?

हो. ‘वाडा’ या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या बंदी यादीत या गोळ्या एस-५ या गटात येतात, ‘डायुरेटिक आणि झाकणारी द्रव्यं’ म्हणून, आणि त्या स्पर्धेच्या दिवशीच नव्हे, बाराही महिने बंद आहेत. लघवी पातळ करून इतर औषधं लपवता येतात, हे एक कारण. वजनगटात खोटं उतरता येतं, हे दुसरं.

क्रिकेटवाल्यांना शेन वॉर्न आठवेल. २००३ च्या विश्वचषकाच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि अमिलोराइड सापडलं. बारीक दिसावं म्हणून आईने दिलेली गोळी घेतली, असं त्याने सांगितलं. तरी एक वर्षाची बंदी आली. आपल्या बडोद्याच्या युसुफ पठाणचं प्रकरण वेगळ्या औषधाचं, टर्ब्युटालिनचं होतं, खोकल्याच्या सिरपमधलं. तरी २०१८ मध्ये पाच महिन्यांची बंदी लागलीच. न कळत घेतली, हे कारण शिक्षा कमी करतं, पुसत नाही. रक्तदाबासाठी खरंच ही गोळी लागत असेल तर आधी अर्ज करून वैद्यकीय सूट घ्यावी लागते.

चाचणी न होणाऱ्या स्पर्धाही भरपूर आहेत. त्यामुळे पकडलं जाण्याची भीती हे गोळी न घेण्याचं मुख्य कारण असू नये.

मुलींच्या गटातही हे चालतं?

चालतं, आणि त्यांचा विचार कोणी वेगळा करत नाही. ८५ किलोच्या मुलासाठी ठरवलेली गोळी ५२ किलोच्या मुलीला तशीच दिली जाते. खूप कमी खाल्ल्यामुळे पाळी थांबलेली असते, त्यामुळे दिवस गेलेत का हेही लक्षात येत नाही. स्पायरोनोलॅक्टोन गर्भाला घातक ठरू शकते.

स्पर्धा झाली, गोळी बंद केली. धोका संपला?

नाही. आणि याबद्दल कोणी बोलत नाही.

पाणी आणि मीठ तोडल्यामुळे शरीराने घाबरून अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढवलेलं असतं. त्याचं काम मीठ धरून ठेवणं. बक्षीस समारंभ आटपला की मंडळी सरळ सेव उसळीवर तुटून पडतात, पाव, तरी, वरून आणखी सेव, मग पिझ्झा, मग आइस्क्रीम. किडनी सगळं मीठ धरते. दोन-तीन दिवसांत वजन पाच-सहा किलोंनी वाढतं, घोट्याला बोट दाबलं तर खळगा पडतो, चेहरा सुजतो. मुलगा आरशात बघून हबकतो आणि सूज उतरवायला पुन्हा तीच गोळी घेतो. असं चक्र महिनाभर चाललेली मुलं मी पाहिली आहेत. ही सूज बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप उतरते, मीठ बेताचं आणि पाणी नेहमीसारखं ठेवलं तर.

दुसरी गोष्ट, महिनोनमहिने उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम एवढं गोडधोड गेलं की इन्सुलिन उसळतं आणि पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम रक्तातून झपाट्याने पेशींत जातं. स्पर्धेनंतरच्या रात्री धडधड, अशक्तपणा, श्वास लागणं याला ‘खूप खाल्लं म्हणून’ म्हणू नका.

डॉक्टर, माझा मुलगा आठवडाभर पाणी मोजून पितो, चिडचिड करतो, काही सांगत नाही. मी काय बघू?

ताई, त्याच्या खोलीची झडती घेऊन फार काही हाती लागणार नाही. भांडूही नका, अजून लपवेल. लघवीला गेलाय का, किती वेळापूर्वी, एवढं विचारा. खूप वेळ लघवीच नाही, किंवा ती कोकाकोलासारखी गडद झालीय, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, न सुटणारे गोळे येतात, ओठ-बोटं मुंग्यांनी भरतात, छातीत ठोका चुकल्यासारखं वाटतं, बोलणं असंबद्ध होतं. यातलं काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. १०८ ला फोन करा किंवा सरळ सयाजी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. घरात सापडलेली सगळी पाकिटं, डबे, बाटल्या पिशवीत घालून सोबत घ्या. ईसीजी दहा मिनिटांत निघतो आणि पोटॅशियमचा अंदाज त्यावरच येतो. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका. श्वास चालत नसेल तर मदत येईपर्यंत छातीवर दाब देत राहा.

मग गोळीशिवाय ड्राय दिसायचं कसं?

चरबी वेळेत कमी करून. उशिरा सुरू केलेल्या तयारीची भरपाई शेवटच्या आठवड्यात होत नाही, आणि गोळीचा मोह नेमका त्यांनाच होतो जे तीन आठवडे मागे पडलेत. सोळा ते वीस आठवडे हाताशी ठेवा. शेवटच्या आठवड्यात मीठ आणि पाणी नेहमीसारखंच ठेवा. अचानक बदल केला नाही तर शरीरही अचानक काही करत नाही. कार्बोहायड्रेट थोडी वाढवा, पण महिनाभर आधी एकदा करून बघा की तुम्हाला काय मानवतं. पोझिंगचा सराव, टॅन, स्टेजमागचा पंप, यात जितके गुण आहेत तितके गोळीत नाहीत. उन्हाळ्यातली स्पर्धा असेल, बाहेर ४२ अंश आणि स्टेजमागे पंखाही नसेल, तर पाणी तोडायचा विचारच करू नका. ज्या गटात वजनासाठी पाणी तोडावं लागतं तो गट तुमचा नाही, वरच्या गटात उतरा.

गोळी घेऊन झालीय, स्पर्धा आज संध्याकाळी आहे. आता काय करू?

आधी दुसरी घेऊ नका. क्लेनब्युटेरॉल, कॉफी, प्री-वर्कआउट, पेनकिलर, सगळं थांबवा. ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळून घोट घोट प्यायला लागा. पण स्पायरोनोलॅक्टोन किंवा टेल्मिसार्टन घेतली असेल तर नारळपाणी, फळांचा रस, पोटॅशियमचं सिरप टाळा. जवळच्या लॅबमध्ये जाऊन सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन करा, सोबत ईसीजी. बहुतेक ठिकाणी रिपोर्ट काही तासांत मिळतो. काय घेतलं, किती वाजता घेतलं, हे कागदावर लिहून मित्राच्या खिशात ठेवा. संध्याकाळी तुम्ही बोलू शकला नाहीत तर तो कागद डॉक्टरच्या हातात पडला पाहिजे.